खोका हातभर, आत नुसतं कार्ड

प्रश्न : ताई नमस्कार. नारायण पेठेत माझं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे, मी आणि कामाला एक मुलगी, एवढंच. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, क्लासच्या प्रश्नपत्रिका असली कामं. 2001ला मराठी टायपिंगचं नि फॉन्टचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, त्याचा खोका अजून माळ्यावर आहे, जाड पुठ्ठ्याचा, आत सीडी, प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक (ते लावलं तरच सॉफ्टवेअर चालायचं), दोनशे पानांचं मराठी मॅन्युअल आणि कीबोर्डचा लॅमिनेट केलेला तक्ता. तो तक्ता आजही टेबलाच्या काचेखाली आहे, कामाला येणारी प्रत्येक मुलगी त्याच्यावर शिकली. मधे दोनदा अपडेट घेतलं तेव्हाही खोका आला, जरा लहान, पण सीडी आणि पुस्तक होतं.

आता विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला म्हणून कॉम्प्युटर बदलला, नव्याला ते जुनं पोर्टच नाही, मग सॉफ्टवेअरचं अपडेट घेणं आलं. कंपनीच्या साइटवर स्वस्त होतं, तरी मी मुद्दाम दुकानातून खोका घेतला, 6800 रुपये, कारण दुकानातलं इंटरनेट मोबाइलवरचं आहे आणि मला सगळं हातात असलेलं बरं वाटतं. खोका जुन्याएवढाच मोठा, वर डिस्कचं आणि पुस्तकाचं चित्र. घरी आणून देवापाशी ठेवला, दुसऱ्या दिवशी दुकानात उघडला तर आत पुठ्ठ्याची घडी, तिच्या मधोमध एक कार्ड, त्यावर खरवडायचा कोड, आणि एक चतकोर कागद, मोबाइलने स्कॅन करा म्हणून. डिस्क नाही, पुस्तक नाही, तक्ता नाही. डाउनलोड तीन जीबीच्या वर. तुळशीचं लग्न झालेलं, पत्रिकांची गिऱ्हाइकं दारात, आणि मी खोक्यात हात घालून चाचपतोय की खाली अजून काही आहे का.

दुकानदार म्हणतो सील तुटलं, माल परत नाही. मुलगा म्हणतो बाबा आता सगळं डाउनलोडच असतं, तुम्ही उगाच त्रागा करताय. कोड मी अजून खरवडलेला नाही, जुन्या मशीनवरच काम रेटतोय. तर तुम्ही सांगा, मी खरंच उगाच त्रागा करतोय का? पैसे परत मागता येतील का? आणि तो तक्ता कुठे मिळेल?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : काका, उगाच नाही. तुमचं पत्र वाचून मी त्या दिवशी दुसरं पत्र उघडूच शकले नाही, कारण मी स्वतः सात-आठ वर्षं अशाच खोक्यांमधली मराठी मॅन्युअल लिहायचं काम केलंय. एकेका पानासाठी आम्ही किती वाद घालायचो, ‘र्‍य’ कसा टाइप करायचा आणि ‘र्य’ कसा, रफार आधी की नंतर, हे ज्याने आयुष्यात कॉम्प्युटर बघितला नाही अशा माणसाला कळेल असं लिहायचं म्हणून. तो तक्ता लॅमिनेट करायचा की साध्या कार्डावर छापायचा यावर मीटिंगा व्हायच्या. त्यामुळे पंचवीस वर्षांनी तो कोणाच्या तरी काचेखाली आहे हे ऐकून मला काय वाटलं ते मी लिहून सांगू शकत नाही.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं आधी घेते, कारण ते अर्धं बरोबर आहे. डिस्क गेली ती कंपन्यांच्या लबाडीमुळे गेली असं नाही. विंडोज 95 फ्लॉपीवर घेतलं तर 13 फ्लॉप्या यायच्या, एकेकीत दोन एमबीही मावायचं नाही, मग सीडी आली तिच्यात 700 एमबी मावायला लागलं, मग एका थराची डीव्हीडी 4.7 जीबीची. पण अ‍ॅपलने 2008ला मॅकबुक एअर काढला त्यात डिस्कचा ड्राइव्हच नव्हता, पुढे हळूहळू सगळ्यांनीच लॅपटॉपमधून तो काढून टाकला, आणि अडोबीने तर 2013ला जाहीरच केलं की आता फोटोशॉप वगैरेची नवी आवृत्ती खोक्यात येणार नाही, महिन्याचे पैसे भरा आणि इंटरनेटवरून घ्या. तुमच्या नव्या कॉम्प्युटरलाही डिस्कचा ड्राइव्ह आहे का ते एकदा बघा, बहुतेक नसेल. शिवाय डिस्क छापून, खोक्यात भरून, दुकानात पोचून, तुमच्या हातात येईपर्यंत चार-सहा महिने जातात, तेवढ्यात त्या सॉफ्टवेअरमधल्या दहा चुका दुरुस्त झालेल्या असतात, म्हणजे डिस्क असती तरी पहिल्याच दिवशी ‘अपडेट करा’ असं आलंच असतं. हे सगळं मला मान्य आहे.

पण मुलाला विचारा, डिस्क गेली तर मग खोका का राहिला? पूर्वी खोका मोठा होता कारण आत दोनशे पानांचं पुस्तक आणि ते लॉक असायचं, त्यांना जागा लागायची. आतलं सामान काढलं तेव्हा खोकाही पाकिटाएवढा करता आला असता. पण पाकीट दुकानाच्या फळीवर दिसत नाही, आणि हातात घेतल्यावर 6800 रुपयांचं वाटत नाही. म्हणून खोका तेवढाच ठेवला, आणि वर तेच जुनं चित्र. तुम्ही साइटवरचं स्वस्त सोडून खोक्याला जास्त पैसे मोजले ते त्या चित्रातल्या दोन वस्तूंसाठी, आणि त्या दोन्ही आत नव्हत्या. डाउनलोडचं सॉफ्टवेअर विकायला कोणाचीच हरकत नाही हो, पण मग वर ठळक लिहा, ‘आत डिस्क नाही, इंटरनेट लागेल, इतके जीबी’. तीन ओळी. ज्याला चालेल तो घेईल. त्या ओळी नाहीत आणि वर डिस्कचं चित्र आहे, माझा सगळा राग यावर आहे.

आणि कायद्याचंही यावर म्हणणं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020पासून लागू झाला, त्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते सांगताना बोलून, लिहून किंवा दृश्य स्वरूपात मालाबद्दल खोटी समजूत करून देणं असं आलंय. म्हणजे एक शब्दही खोटा न लिहिता नुसतं चित्र खोटं काढलं तरी ते त्यात बसू शकतं. तुमचा खोका म्हणूनच नीट ठेवा, तो फेकलात तर तुमचा मुख्य साक्षीदारच गेला. एक मात्र आधी तपासा, खोक्याच्या मागे किंवा तळाला बारीक अक्षरात ‘चित्र केवळ उदाहरणादाखल’ किंवा ‘आतील वस्तू : 1 कार्ड’ असं काही आहे का. असेल तर कंपनी तेच पुढे करणार, तुमची बाजू लगेच पडते असं नाही पण तुम्हाला ते आधीपासून माहीत हवं.

तुमच्या बाबतीत एक अडचण काढली जाईल ती आत्ताच सांगून ठेवते. कंपनीचा वकील म्हणेल की हे धंद्यासाठी घेतलंय, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात व्यापारी कारणासाठी घेणाऱ्याला ग्राहक धरत नाहीत हे खरंय, पण त्याच्याच खाली स्पष्टीकरण आहे की ज्याने स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेतली आणि स्वतः वापरली त्याला हे लागू नाही. एका टेबलाचं दुकान, स्वतः टायपिंग करणारा मालक, हे त्यात बसायला हरकत नसावी. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, मागाहून नको.

दुसरं, ते म्हणतील सॉफ्टवेअर म्हणजे वस्तूच नाही, नुसता परवाना आहे. सुप्रीम कोर्टाने 2004ला टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या विक्रीकराच्या खटल्यात सांगितलंय की डिस्कवर घालून तयार विकलं जाणारं सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे. तुमच्यात डिस्क नाही म्हणून ते वाद घालतील, घालू देत, ग्राहक कायद्यात वस्तू आणि सेवा दोन्ही येतात, एका दारातून नाही तर दुसऱ्या दारातून आत जाता येतं.

आता प्रत्यक्ष करायचं काय. कोड खरवडू नका, हे तुम्ही आपणहून केलंत ते फार बरं केलंत, कारण कोड वापरला की ‘माल वापरला’ हे त्यांचं म्हणणं पक्कं होतं. खोक्याचे सहाही बाजूंनी फोटो काढा, आतल्या पुठ्ठ्याचा, कार्डाचा, त्या चतकोर कागदाचा काढा, बिलाचा काढा. मग कंपनीला ईमेल. पॅकबंद वस्तूंच्या 2011च्या नियमांप्रमाणे तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्याचं नाव, पत्ता, फोन, ईमेल खोक्यावर छापावा लागतो, तो शोधा आणि त्यावरच पाठवा, दुकानदाराला कॉपी ठेवा. भाषा साधी ठेवा, काय छापलं होतं, काय मिळालं, मला काय हवंय. रागाची वाक्यं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून खोडा. पंधरा दिवस द्या. काही झालं नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पुष्कळ वेळा कंपन्या त्या पायरीवरच ऐकतात. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असो की बंगलोरची, 2019च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे पुण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइनही भरता येते, मुदत दोन वर्षांची.

एवढ्याशासाठी कुठे आयोगात जायचं असं वाटत असेल तर एक सांगते, ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी 1974ला सुरू केली ती आपल्या पुण्यातच, आणि तेव्हाचे प्रश्न तेलातली भेसळ, वजनातली मारामारी असले रोजचेच होते, कोणी त्यांना किरकोळ म्हणत बसलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

‘सील तुटलं माल परत नाही’ याबद्दल. सील तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि सील तोडलं की परत नाही, मग माणसाने कळायचं कसं? हे वाक्य दुकानाच्या पाटीवर किंवा बिलावर छापलं म्हणजे ते कायदा होत नाही. वस्तू सदोष निघाली आणि बिलात मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं हेही त्याच अनुचित प्रथांच्या यादीत आहे. म्हणून तारीख बघा, उशीर करू नका.

पण काका, तुम्हाला शेवटी काम करायचंय, पत्रिका अडल्यात. म्हणून पैसे परत मागायचे की सॉफ्टवेअर ठेवून फक्त कमी पडलेल्या वस्तू मागायच्या हे तुम्ही ठरवा. मी तुमच्या जागी असते तर दुसरं मागितलं असतं, पूर्ण सॉफ्टवेअर भरलेला पेन ड्राइव्ह आणि छापील मॅन्युअल. यात त्यांचा खर्च थोडा आहे आणि तुमचं काम होतं. हे लेखी कबूल झालं की मगच कोड खरवडा.

आणि एक फार महत्त्वाचं, जे खोक्यावर कुठेच नसतं. तुमच्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टमधल्या आहेत, त्यात ‘क’ दिसतो तिथे कॉम्प्युटरच्या लेखी भलतंच इंग्रजी अक्षर असतं. नवं सॉफ्टवेअर युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, चालत असणार, देवनागरी युनिकोडमधे 1991पासून आहे पण आपल्या पेठांमधल्या छापखान्यांत ती यायला फार वर्षं लागली. जुनी फाइल नव्यात उघडली की कधीकधी नुसते किडे-मुंग्या दिसतात. तेव्हा जुनं मशीन आणि ते लॉक मोडीत काढू नका, निदान एक वर्ष तरी. पंचवीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल आहेत त्यात, कोणी तरी येऊन म्हणतंच, आमच्या आजोबांच्या पंचाहत्तरीचा मजकूर आहे का हो तुमच्याकडे. जुन्या फाइली युनिकोडमधे बदलून देणारा कन्व्हर्टर दिलाय का हे त्या ईमेलमधेच विचारा, आणि दिला असेल तर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याने तपासा, तिथेच चुका होतात.

तक्त्याचं. तुमच्याकडे कामाला असलेली मुलगी टाइपरायटरच्या पद्धतीने शिकली असेल तर नव्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे टाइपरायटर किंवा गोदरेज असा लेआउट, म्हणजे कोणतं अक्षर कुठल्या बटणावर त्याची मांडणी, शोधा, पुष्कळदा सुरुवातीला इनस्क्रिप्ट लावलेला असतो आणि माणूस घाबरतो की सगळंच बदललं. इनस्क्रिप्ट शिकायचा असेल तर तो सरकारी मानकातलाच लेआउट आहे, 1991च्या आयएस 13194 मधला. विंडोजमधे मराठी कीबोर्ड जोडा, स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा, शिफ्ट दाबून आणि न दाबता असे दोन फोटो घ्या, प्रिंट काढा, लॅमिनेट करा. जुना तक्ता काढू नका मात्र, त्याच्या शेजारी ठेवा.

प्रश्न : ताई, माझं टिळक रोडला कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. तुमच्या सदरात नेहमी आम्हालाच बोलणी बसतात म्हणून लिहितोय. खोका आम्ही भरत नाही, चित्र आम्ही छापत नाही, पण गिऱ्हाईक येऊन आमच्याच अंगावर ओरडतं आणि परत घेतला तर तो खोका कंपनी आमच्याकडून घेत नाही, आमचे पैसे बुडतात. अपडेटच्या खोक्यात पूर्वी डिस्क यायची, आता कार्ड येतं, हे आम्हालाही खोका उघडल्यावरच कळलं. आम्ही काय करायचं?
— एक दुकानदार

उत्तर : तुमचं दुखणं खरं आहे, आणि ते मी मनापासून मान्य करते, मधल्या माणसाला दोन्हीकडून मार बसतो. पण एकदा कळल्यानंतरचं काय? पहिल्या खोक्यात फसवणूक तुमचीही होती, दुसरा विकताना तुम्हाला माहीत होतं. एक नमुन्याचा खोका उघडून काउंटरवर ठेवा, आतलं कार्ड दिसू दे, वर हाताने लिहा, यात डिस्क नाही, डाउनलोड करावं लागेल, घरी नेट नसेल तर आम्ही पेन ड्राइव्हवर उतरवून देऊ. हे शेवटचं तर तुम्ही करूच शकता, तुमच्याकडे चांगलं नेट आहे, गिऱ्हाइकाकडे नाही. कंपनीच्या अधिकृत पानावरूनच उतरवा आणि कोड गिऱ्हाइकाचा गिऱ्हाइकालाच खरवडू द्या, म्हणजे झालं. थोडे पैसे घेतलेत तरी कोणी नाही म्हणणार नाही. आणि डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवत राहा, प्रत्येक परत आलेल्या खोक्याची तारीख टाकून, कारण उद्या आयोगात तक्रार गेली तर नोटीस तुम्हालाही येईल, तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला तीच पत्रं असतील.

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला जातोय, पुढची दोन-अडीच वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचंय. यजमानांनी जमवलेले सॉफ्टवेअरचे जुने खोके आहेत, पस्तीस-चाळीस तरी, ते गेल्यावर मी उघडलेही नाहीत. रद्दीवाला खोक्यांचे वजनावर पैसे देतोय. टाकू का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काकू, पुठ्ठा द्या, पण आधी प्रत्येक खोका उघडा आणि उलटा करून बघा. सीरियल नंबर बहुतेक वेळा खोक्याच्या बाहेरच्या चिकटपट्टीवर, सीडीच्या पाकिटाच्या मागे किंवा मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर असतो, त्याच्याशिवाय डिस्क असूनही उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून डिस्कसोबत एका पाकिटात ठेवा, चाळीस खोक्यांची एक चपलेची पेटी होईल. प्रिंटरच्या पोर्टची लॉकं निघाली तर ती अजिबात टाकू नका, ती हरवली तर सॉफ्टवेअर चालत नाही आणि जुन्यांची दुसरी मिळत नाहीत. घरी लिहिलेल्या सीडी असतील, म्हणजे वर पेनाने नाव घातलेल्या, त्या आधी कोणाकडून तरी कॉपी करून घ्या, छापील सीडीपेक्षा त्या लवकर खराब होतात, आणि त्यात सॉफ्टवेअर नसून घरचे फोटो असायची शक्यता जास्त. मराठी मॅन्युअल निघाली तर रद्दीत नका घालू, मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. नारायण पेठेतल्या काकांना त्यातलं एखादं नक्की उपयोगी पडेल.